जोड क्रमांक बावीसशे चौदा

उंद्री
२० मे २०२५

धम्मा, जय भीम घे.

आधी एक हिशोब. तुझ्या त्या बावीसशे चौदा नंबरच्या जोडाला खरं काय लागलं, ते काल दुकानात बसल्या बसल्या मांडून पाहिलं. बारा मीटरचा एक पाइप, अंगावर सिमेंटचा जाड लेप. दोघांच्या हातातले वेल्डिंगचे रॉड. एक्सरेची एक काळी फिल्म. पाच तास खोळंबलेली बार्ज, आणि तिचे नांगर सांभाळत उभ्या राहिलेल्या टगबोटी. शेवटी कापून काढलेलं लोखंडाचं एक कडं. कंपनीने एवढंच धरलं. कंपनीने न धरलेलं असं, की तेव्हापासून तू माझा उंबरा शिवला नाहीस, सिंधूने माझा संसार करत सोळा वर्षं सख्ख्या भावाशी नुसत्या फोनवर बोलून काढली, आणि उंद्रीहून शेगाव ही दीड तासाची वाट मला मुंबईपेक्षा लांब झाली.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास, म्हणून कागद. लिहायचं म्हटलं की माझी भाषा शाळेत जाऊन बसते. बोलताना ती उंद्रीतच असते. हसू नको.

कामाचं सांगतो. तुझी वैष्णवी आली होती. दहावीचा निकाल घेऊन, एकटी, एसटीने. आत्याच्या हातावर पेढा ठेवला आणि सरळ दुकानात माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. तिला खामगावच्या आयटीआयला वेल्डर व्हायचंय. तू फॉर्मवर सही करत नाहीस. म्हणालास म्हणे, की आपल्या घरात वेल्डिंगचा हात नाही. तिने तुझा आवाज काढून दाखवला. मला आधी हसू आलं, मग गेलं.

धम्मा, पोरीला माहीतच नव्हतं. तू लॉजच्या काउंटरवर किल्ल्या देतोस, तोच तुझा जन्मापासूनचा धंदा असं ती समजत होती. ट्रंकेत तिला तुझं बार्जचं कार्ड सापडलं. फोटो, खाली वेल्डर, नंबर सत्तावीस. ते घेऊन आली होती. "मामाजी, बाबा समुद्रात काय करत होते?"

मग मी सांगत बसलो. भर दुपार, गिऱ्हाईक नाही, सिंधूने पन्हं आणून दिलं. म्हटलं, जहाजाचं जे चित्र तुझ्या डोक्यात आहे ते आधी पूस. आमची बार्ज म्हणजे तरंगता कारखाना, तीनशे माणसं, आणि एका अंगाने लांबच लांब बोगदा. बोगद्यात पाइप आडवा. पुढून नवा पाइप येऊन टोकाला टोक लागायचं. पहिल्या ठाण्यावर आम्ही दोघं: एका बाजूला तुझा बाप, दुसऱ्या बाजूला मी, मधे पाइप. वरून खाली अर्धं वर्तुळ त्याचं, अर्धं माझं, आणि ज्याची बाजू त्याचा नंबर तिच्यावर पिवळ्या रंगात. ही पहिली शिवण. तिच्यावरच्या शिवणी पुढच्या ठाण्यांवरचे लोक घालायचे, मग एक्सरे, मग सांध्याला लेप. घंटा झाली की बार्ज आपल्या नांगरांचे दोर ओढत बारा मीटर पुढे सरकायची, आणि तेवढा पाइप मागून समुद्रात.

ती म्हणाली, "म्हंजे पाइप जागच्या जागी, अन् जहाजच त्याच्याखालून निघून जाऊन राह्यलं?"

हाव, म्हटलं. हे समजायला मला दोन महिने लागले होते.

मग बार्जच्या मागच्या टोकाचं सांगितलं. दोन अजस्र रबरी पट्टे पाइपाला दोन्हीकडून धरून ठेवतात, कारण त्यापुढे दोनशे मीटर पाइप पाण्यात अधांतरी असतो. धरला नाही तर स्वतःच्याच वजनाने वाकेल, मोडेल. तो उतरत्या सांगाड्यावरून पाण्यात जातो तेव्हा आवाज होत नाही. तुला आठवतं? आपण सुट्टीच्या वेळी मागच्या कठड्याला उभे राहायचो. एवढा अवजड ऐवज, आणि समुद्रात असा जायचा जसा माणूस झोपेत जातो. आधी पाय, मग कंबर, मग काहीच नाही. तळाशी टेकल्यावर त्याच्यावर वाळू येते, शिंपले बसतात, मासे घर करतात. आणि आतून गॅस चाललेला असतो, वर कुणाला पत्ता नाही.

बांगड्यांचंही सांगितलं. ठरावीक अंतराने पाइपाला ॲल्युमिनियमची बांगडी घालतात. खारं पाणी आधी बांगडीला खातं, पाइपाला नाही. वीस-पंचवीस वर्षांत बांगडी झिजून नाहीशी होते, पाइप शाबूत. पोरीने पन्ह्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "बांगडीले कोण इचारते मग?" मी म्हटलं, पाणबुडे जातात ना खाली, किती उरली ते पाहायला. पाइपाखालची वाळू वाहून गेली असली तर पोत्यांचा टेका देऊन येतात. आणि आतून साफ करायला डुक्कर सोडतात. ही थट्टा नव्हे, त्या यंत्राला पिगच म्हणतात. गॅसच्या जोराने ते या टोकाकडून त्या टोकाला अंग घासत जातं. यावर मात्र ती एवढी हसली, की सिंधू आतून पाहायला आली.

माझी दुकानाची पाटी तू पाहिली नाहीस. गणेश पेंटरने निळ्यावर पांढरं लिहिलंय: 'दयाराम पाइप अँड फिटिंग. समुद्रात अठरा वर्षे, एकही जोड कापला नाही.' वैष्णवीने ती मोठ्याने वाचली. म्हटलं, खरं आहे. एक्सरेवाल्याच्या आधी मला कानाने कळायचं, शिवण कशी बसली ते. आजही मोताळ्यापर्यंतचे शेतकरी मला बोलावतात. कडुलिंबाची काठी जमिनीवर टेकवतो, दुसरं टोक कानाला, आणि चार फूट मातीखाली पाइप कुठे गळतो ते सांगतो. माझ्या कानातून काही सुटत नाही.

तू बार्ज सोडलीस त्या दिवसाचं मी तिच्याजवळ काही काढलं नाही. तू माणसं उतरवायच्या क्रेनच्या जाळीत बॅग घेऊन उभा होतास, खाली बोट थांबलेली. जाळी उचलताना तू मला काहीतरी विचारलंस. क्रेनचा आवाज फार होता, मला ऐकू आलं नाही, मी आपली मान हलवली. त्या मान हलवण्याचा तू काही भलताच अर्थ घेतला असशील तर तो सोडून दे.

सही कर, धम्मा. अकरा जूनपर्यंत मुदत आहे म्हणे.

तुझा
दया

उंद्री
२ जून २०२५

धम्मा,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो पत्र पोचलं. तू वाचून उशीखाली ठेवलं असशील; चिठ्ठी फाडणारा तू नव्हेस.

परवा मोताळ्याला गेलो होतो. भागवत म्हणून एक कपाशीवाला आहे, त्याची विहिरीपासूनची लाइन गळत होती. ऊन असं, की शेताच्या पलीकडची बाभूळ पाण्यात उभी दिसत होती. मी गुडघे टेकले, काठी लावली, डोळे मिटले. आणि धम्मा, खाली समुद्र होता. खोटं नाही सांगत. काळ्या मातीच्या भेगांतून आत, पार खोल, तो हिरवट उजेड, आणि त्यात आपला पाइप पडलेला, शिंपल्यांनी मढलेला, पोट फुगवून शांत झोपलेल्या म्हशीसारखा. त्याच्यातून वारा वाहतो तसं काही वाहत होतं. मी ऐकत राहिलो. फार बरं वाटत होतं. मग त्या सगळ्या वाहण्यातून एक बारीक आवाज आला. टिक.

भागवत म्हणाला, "मिस्त्री, झोपले काय?" मी उठलो. म्हटलं, इथं नाही गळत. दहा पावलांवर खड्डा घेतला, पाणी लागलं. त्याने तारीफ केली. मला काही ती गोड लागली नाही.

तो आवाज मी ओळखतो. पण त्याचं पुन्हा कधी.

आता जे झालं ते लिहितो. काल वैष्णवी परत आली. फॉर्म घेऊन. म्हणे, मामाजी, पालक म्हणून तुमची सही चालेल का? मी म्हटलं, तुझा बाप धडधाकट आहे, मी कोण? ती काउंटरवर बोटं वाजवत बसली. तिथे माझ्या बिलांवर वजन म्हणून एक लोखंडाचा तुकडा असतो, तळहाताएवढा, जाड. दुकान उघडल्यापासून त्याच्याकडे कुणी दोनदा पाहिलं नाही. तिने तो उचलला. उजेडाकडे धरला. आतल्या बाजूने नख फिरवत गेली, आणि नख अडलं.

"इथं चीर हाय," ती म्हणाली.

कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही. सोळा वर्षांची पोर, हातात कधी रॉड धरला नाही, आणि नखाने चीर शोधते. मला त्या क्षणी एवढा आनंद झाला, की पुढचं काय ते लक्षातच आलं नाही. तिने तुकडा उलटा केला. बाहेरून पिवळा रंग अजून शिल्लक आहे. दोन आणि सात.

तो त्या कापलेल्या कड्याचाच तुकडा आहे. तू गेल्यावर मी भंगाराच्या पिंपातून काढून घेतला होता. का घेतला, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

तिने त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाली, "हा तं बाबाचा नंबर हाय." मी पाणी आणायला उठलो. माठ दुकानातच आहे, चार पावलांवर, पण मी आत घरात गेलो. परत आलो तेव्हा ती उभी राहिली होती.

"म्हणून ते सही नाही करून राह्यले. त्यांचा जोड फुटला होता. मी उगाच त्यांच्या मागं लागली."

मी म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. म्हटलं, पोरी, समुद्रावर होतं असं, लाटा असतात, नशीब असतं. तिने मान डोलावली, जशी आपण म्हाताऱ्यांच्या गोष्टीला डोलावतो. फॉर्म दुमडला आणि काउंटरवरच ठेवून गेली. चहासुद्धा घेतला नाही. सिंधू विचारते, काऊन गेली वो पोरगी अशी? मी म्हटलं, बस चुकत होती.

फॉर्म माझ्याजवळ आहे. तू तिला तुझ्या पद्धतीने समजाव. तू तेव्हा वर फोनवर होतास, एवढं जरी सांगितलंस तरी पुरे. बाकीचं सांगायची गरज नाही.

दया

उंद्री
८ जून २०२५

धम्मा,

बाकीचं सांगतो.

मागच्या पत्रात मी तुलाच सांगायला लावत होतो. चलाखी माझी जुनी आहे, तुला ठाऊक आहे. चार दिवस मी त्या फॉर्मवर दुसरं वजन ठेवून पाहिलं. शेवटी काल हे पत्र आधी सिंधूला तोंडी सांगितलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं. आता जसं तिला सांगितलं तसंच लिहितो.

अकरा जानेवारी दोन हजार नऊ. सकाळी रेडिओ रूममधून निरोप आला, की खामगावच्या दवाखान्यातून फोन जोडलाय, सत्तावीस नंबरने चार मिनिटांत यावं. नवा पाइप नुकताच टोकाला लागला होता. दोन घंटांच्या मधे ठाणं सोडायचं नाही हा नियम. सोडलं तर सरळ घरी. तू माझ्याकडे पाहिलंस. मीच म्हणालो, "जा बे. तुझी बाजू मी ओढतो." तू पळालास.

माझी बाजू मी झपाट्याने पुरी केली. पाइपाखालून वाकून तुझ्या बाजूला आलो. तुझी अर्धी शिवण झाली, पाऊण झाली, खाली वीतभर राहिली असेल, आणि घंटा झाली. पहिली शिवण पुरी नसेल तर हात वर करायचा, अख्खी लाइन थांबते. एवढंच करायचं होतं. पण हात वर केला असता तर फोरमन आला असता, आणि एका बाजूला माणूसच नाही हे त्याला दिसलं असतं. तुझ्यासाठी भ्यालो, असं मी सोळा वर्षं स्वतःला सांगत आलो. अर्धं खरं आहे. माझं नाव तेव्हा सगळ्या बार्जवर होतं: दयाचा जोड कापत नाहीत. तेही होतं.

बार्ज सरकली. पाइपाला ताण आला. मी सरकत्या पाइपाबरोबर वाकून चालत ती वीतभर शिवण ओढली. पुरी केली. ब्रशने पिवळ्या रंगात तुझ्या बाजूला सत्तावीस लिहिलं. पुढच्या ठाण्यावर जोड पोचत होता, आणि तेव्हा तो आवाज आला. टिक. नखाने हंडी वाजवावी एवढाच. यंत्रं चालू होती, दुसऱ्या कुणाला तो ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आला.

त्या क्षणी बोललो असतो तर पहिली शिवण घासून काढून पुन्हा भरता आली असती. अर्धा तास गेला असता. फोरमनच्या शिव्या खाल्ल्या असत्या. तू ठाण्यावर राहिला असतास.

पण तेवढ्यात तू शिडीवरून खाली आलास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. धुराने काळा, आणि त्यात दात तेवढे. "पोरगी झाली, जवाईबापू. फोनात रडून दाखवलं तिनं." तू मला मिठी मारलीस. तुझ्या खांद्यावरून मला जोड दिसत होता, त्याच्यावर दुसरी शिवण चढत होती. मी तुझ्या पाठीवर थापा मारत राहिलो.

वैष्णवीचा आणि त्या चिरेचा जन्म एका सकाळचा आहे.

पुढचं तुला माहीत आहे. फिल्म ओली असतानाच दिव्यावर धरली, केसासारखी रेघ. पाइप मागे घेतला, कापला. वारा वाढत होता, पाच तास गेले. फोरमनने सत्तावीसवर बोट ठेवून विचारलं, कोणाचं? तू माझ्याकडे पाहिलंस, फार वेळ नाही, आणि म्हणालास, माझं. तू ठाणं सोडलंस हे कळलं असतं तर तू गेला असतास. खोटा नंबर लिहिला हे कळलं असतं तर मी. एकाने राहावं असं तू ठरवलंस. सिंधूचं माझ्याशी लग्न होऊन आठ महिने झाले होते. ते तू धरलं असणार. मी ते तुला धरू दिलं.

मग जाळी. क्रेन चालू झाली, जाळी गुडघाभर उचलली गेली, तू दोर धरून उभा होतास. तू विचारलंस, "दया, तुले काही ऐकू आलं होतं का?"

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की क्रेनच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. आलं होतं. स्पष्ट आलं होतं. आणि मी मान हलवली ती 'नाही' म्हणून.

तुझी चूक होती का, हे तू विचारलं नाहीस. कंपनीकडे चल म्हणाला नाहीस. माझ्याकडून फक्त एक खरं उत्तर मागितलंस, मला फुकटात देता येईल असं. ते दिलं नाही, म्हणून तू आला नाहीस. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. आपल्या घरात वेल्डिंगचा हात नाही असं तू पोरीला सांगतोस, ते तिच्यापासून काय लपवायला, तेही कळतं. तिला माझं नाव सांगण्यापेक्षा तू स्वतःला नालायक ठरवलंस.

सिंधूने सगळं ऐकून घेतलं. ती तांदूळ निवडत होती, सूप तसंच मांडीवर राहिलं. मी वाट पाहत होतो, की ती आता रडेल, नाहीतर मला काही फेकून मारेल. ती म्हणाली, "सोळा वर्ष मी दादाले घमंडी समजली." मग पुन्हा निवडायला लागली. रात्री जेवायला वाढलं, ताट समोर सरकवून आत गेली. आज सकाळी म्हणाली, पत्र मी नेते, पोस्टाने नको.

तर ती उद्या सकाळच्या बसने येते आहे. तिच्याजवळ फॉर्म आहे आणि तो लोखंडाचा तुकडा आहे. माझी सही मी फॉर्मवर केलेली नाही. मी येत नाही. तू बोलावशील तर येईन, तोवर नाही.

आज दुपारी बाजेवर डोळा लागला होता. पुन्हा तेच पाणी. पण या वेळी मी वर नव्हतो, खाली होतो, पाणबुड्यासारखा, आणि पाइपावरून हात फिरवत चाललो होतो. एक बांगडी लागली. पार झिजली होती, पातळ, कागदासारखी, तरी हाताला थंड लागत होती. मी ती मोजायला गेलो तर माझ्याकडे माप नव्हतं. जागा झालो तर सिंधूची मशीन चालू होती, ती तुझ्याकडे न्यायची पिशवी शिवत होती.

गणेश पेंटर आता येऊन गेला. दुसरी ओळ खरवडून काढली आहे. त्या जागी काय लिहू म्हणत होता, मी म्हटलं कोरी राहू दे. निळा रंग तेवढ्यात जरा वेगळा दिसतो, रस्त्यावरूनही कळतं.

पाकीट चिकटवलेलं नाही. वैष्णवीने तुझ्याआधी वाचलं तरी चालेल. तिने तुकडा पुन्हा हातात घेतला तर तिला सांग, आकडा सत्तावीस आहे, पण लिहिणारा हात तिच्या बापाचा नाही.

अठरा वर्षांत माझा एक जोड कापला गेला. बावीसशे चौदा. त्याच्या दोन्ही बाजू मी घातल्या होत्या.

दयाराम